आठव्या वचनापर्यंत

प्रेमराज गावितांचा आवाज आधी नाकात गेला, मग घशात अडकू लागला आणि दिवाळीच्या सुमारास नाहीसाच झाला. आजार चेतापेशींचा होता. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या या पेशी एकेक करून मरत जातात, त्यावर औषध नाही, आणि बुद्धी मात्र शेवटपर्यंत शाबूत राहते. नाशिकच्या डॉक्टरांनी हे सगळे शांतपणे समजावून सांगितले, तेव्हा शेजारच्या खुर्चीवर जीवराम फिरके बसले होते. जीवराम वनस्पतिरोगशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. केळीवरच्या विषाणूंच्या मागे त्यांची उभी हयात गेली होती. रावेर-यावलच्या बागांत ‘हरण्या’ पडला की शेतकरी पिवळ्या पट्ट्यांचे पान घेऊन त्यांच्यापुढे उभे राहत, आणि ते प्रत्येकाला एकच उत्तर देत : याला उपचार नाही, झाड उपटा आणि गाडून टाका. डॉक्टर बोलत होते तेव्हा जीवरामांना आपलाच आवाज ऐकू आल्यासारखे वाटले. फरक एवढाच होता, की डॉक्टरांना त्यातला दुसरा भाग बोलता येत नव्हता.

देवपुरात दोघांची घरे एकाच गल्लीत होती. दोघे एकाच कॉलेजात शिकवत, एकाच वर्षी निवृत्त झाले आणि तीस-पस्तीस वर्षे एकाच विषयावर भांडले. प्रेमराज रसायनशास्त्राचे, नवापूरकडच्या ख्रिस्ती घरातले. वडील गावच्या शाळेत मास्तर आणि मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, वडीलजन. जीवराम यावल तालुक्यातल्या लेवा पाटलांच्या घरात जन्मले होते आणि कळू लागल्यापासून कोणत्याच देवाच्या वाटेला गेले नव्हते. पत्नी गेली तेव्हा दहाव्या-तेराव्याचे विधी त्यांनी केले नाहीत, म्हणून भाऊबंदांनी वर्षभर त्यांच्याशी बोलणे टाकले होते. तेव्हा रोज डबा घेऊन येणारा माणूस प्रेमराज होता.

आवाज पुरता जाण्याआधी, एका संध्याकाळी, प्रेमराजांनी मोठ्या कष्टाने विचारले होते, “मार्क वाचशील? मला. रोज. थोडं थोडं.”

“पाळकांना सांग की,” जीवराम म्हणाले. “त्यांचं कामच ते आहे. आवाजही बरा आहे त्यांचा.”

“ते मला ठाऊक असलेलंच सांगतात.”

“आणि मी?”

“तू चुका काढशील.” प्रेमराज थांबले, थुंकी गिळायला त्यांना वेळ लागला. “मला जाग राहील.”

वाचनाला एक नियम होता. तो प्रेमराजांच्या वडिलांच्या घरचा. संध्याकाळी सगळे कुटुंब बसायचे, एकाने उतारा वाचायचा, आणि ज्याने वाचला त्यानेच त्यावर काहीतरी बोलायचे. बोलायचे ते स्वतःचे. पाळकांनी रविवारी सांगितलेले चालत नसे, वडिलांचे चालत नसे, कुठल्या पुस्तकातले तर मुळीच नाही. लहान पोराने “मला काही कळलं नाही” म्हटले तरी चाले, कारण ते त्याचे असे. पण कोणी मोठ्या माणसाचे वाक्य म्हणून दाखवले, की मास्तर डोळेही न उघडता म्हणत, “उसनं नको.” आणि वाचणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून वाचावे लागे. बोलणे खरे वाटले, तर ऐकणाऱ्याने ‘आमेन’ म्हणायचे. प्रेमराजांना आता ते म्हणता येणार नव्हते. म्हणून ठरले, की पटले तर ते डोळे मिटून बराच वेळ मिटलेले ठेवतील. साधी पापणी लवली तर ती मोजायची नाही.

अशा रीतीने, कोणत्याच देवावर विश्वास नसलेला माणूस हिवाळ्याच्या सकाळी मार्काचे शुभवर्तमान हातात घेऊन मित्राच्या पलंगाशेजारी बसू लागला.

पहिले काही दिवस जीवरामांनी आपले काम चोख केले. शिमोनाच्या सासूचा ताप उतरला, त्यावर ते म्हणाले, “तापाचं कारण दिलेलं नाही. मुदतीचा ताप हात धरला तरी उतरतो आणि नाही धरला तरी उतरतो. तुलना करायला दुसरी सासू हवी होती.” प्रेमराजांचे डोळे हसले, पण मिटले नाहीत. जीवरामांनी जरा विचार केला आणि म्हणाले, “उठल्या उठल्या बाई सगळ्यांना वाढायला लागली. माझी आईही असंच करायची. ते वाचून मला राग आला.” डोळे मिटले. तेव्हा जीवरामांच्या ध्यानात आले, की शेरा आणि मनन या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि हा माणूस पहिल्यावर त्यांना सोडणार नाही.

मग छप्पर उकलून खाली सोडलेल्या पक्षाघाताच्या रोग्याचा उतारा आला. चौघेजण खाट उचलून आणतात, गर्दीमुळे दारातून शिरता येत नाही, म्हणून छप्पर फोडतात. जीवरामांनी वाचून पुस्तक मांडीवर ठेवले. छप्पर कोणाचे होते आणि नंतर ते शाकारले कोणी, हे मार्काने लिहिलेले नाही, असे काहीतरी त्यांच्या जिभेवर आले होते. पण समोरच्या पलंगावर चादरीखाली प्रेमराजांचे हात जसे ठेवले होते तसेच पडून होते.

“ते चौघे होते,” जीवराम म्हणाले. “मी एकटा आहे. आणि तुला न्यायला मला घर माहीत नाही.”

प्रेमराजांनी डोळे इतका वेळ मिटले, की सुंदरबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

प्रेमराजांच्या पत्नी सुंदरबाई साक्री तालुक्यातल्या. प्रेमराजांशी आणि पाहुण्यांशी त्या शहरी मराठी बोलत. मात्र राग, घाई किंवा माया आली की त्यांची भाषा सरळ माहेरी जाई. “भाऊ, काय सांगतस तुम्ही त्यास्ले? डोळा मिटेल दिसना की माझा जीव जास!”

“वहिनी, आमेन म्हणत होता तो.”

“मग लहान आमेन म्हणा म्हणावं,” त्या म्हणाल्या आणि पदराने प्रेमराजांच्या ओठांची कड पुसून आत गेल्या.

पेरणाऱ्याचा छोटा उतारा आला तो संक्रांतीनंतर : माणूस बी टाकतो, झोपतो, उठतो, आणि बी कसे वाढते ते त्याला ठाऊक नसते. वनस्पतिशास्त्राच्या माणसाला डिवचायला याहून सोयीचा उतारा नव्हता. प्रेमराजांच्या डोळ्यांत तसे स्पष्ट दिसत होते.

“मला ठाऊक आहे कसं वाढतं ते,” जीवराम म्हणाले. “पाणी शोषलं जातं, विकरं जागी होतात, पिष्टाची साखर होते, मूळ आधी येतं, कोंब नंतर. वर्षानुवर्षं शिकवलंय.” ते थांबले. “पण मला ठाऊक आहे म्हणून एकही बी लवकर उगवलं नाही.”

त्याच आठवड्यात प्रेमराजांचा श्वास अपुरा पडू लागला. झोपेत छाती वर यायचीच विसरे. डॉक्टरांनी हवा दाबून आत सोडणारे यंत्र आणि नाकातोंडावर बसणारा मास्क सुचवला. प्रेमराजांनी आधीपासून सांगून ठेवले होते, की यंत्र नको. तरी त्यांनी ते लावून घेतले. सगळ्यांना बरे वाटले. जीवरामांनाही वाटले; प्रेमराजांनी मत का बदलले ते विचारावे, असे मात्र त्यांना सुचले नाही.

यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून वाचावे लागे. वीज गेली की इन्व्हर्टर चालू होईपर्यंतच्या क्षणात घरातले सगळे जिथे असतील तिथे थांबत. सुंदरबाईंच्या हातातली पोळी हातातच राही. मग टक् असा आवाज येई आणि पोळी तव्यावर पडे.

यंत्र येण्याआधीच पुण्याहून मेघा आली होती, ती बिनपगारी रजा टाकूनच. प्रेमराजांची ही एकुलती मुलगी. तिने एका पुठ्ठ्यावर मुळाक्षरे ओळीने लिहिली. ओळीवरून बोट फिरवायचे, अक्षर आले की प्रेमराज डोळे वर करत. एका शब्दाला चहा निवायचा. त्यामुळे प्रेमराज फार थोडे शब्द वापरत, आणि ते वाया घालवत नसत.

अंजिराच्या झाडाचा उतारा आला आणि जीवरामांचा संयम सुटला. भूक लागली म्हणून येशू झाडापाशी जातो, फळ नसते, कारण तो हंगामच नसतो, आणि तरी झाडाला शाप मिळतो. दुसऱ्या दिवशी ते मुळापासून वाळलेले असते.

“हा सरळ अन्याय आहे,” जीवराम म्हणाले. “हंगाम नव्हता, हे लिहिणारा स्वतःच लिहितो! झाडाने काय करायचं? रजेचा अर्ज द्यायचा? एका रात्रीत मुळापासून वाळणं तर शक्यच नाही. मर रोगालाही आठवडे लागतात. मला ते झाड दाखवलं असतं, तर मी खोड कापून, आत तपकिरी रेषा आहेत का ते पाहून—”

प्रेमराज हसले. हसू घशात उतरले, तिथे लाळ होती, आणि ती चुकीच्या वाटेने गेली. मास्कच्या आत चेहरा निळसर झाला. मेघाने मास्क काढला, सुंदरबाईंनी मान वळवली, मेघाने नळी घशात घालून लाळ ओढणारे यंत्र चालू केले. जीवराम पलंगाच्या पायथ्याशी उभे होते, पुस्तकाच्या पानात बोट घालून. त्यांना करण्यासारखे काही नव्हते, आणि जागा अडवण्यापलीकडे ते काही करतही नव्हते. थोड्या वेळाने प्रेमराजांचा रंग परत आला.

“मी आता चेष्टा करणार नाही,” जीवराम म्हणाले.

प्रेमराजांची नजर पुठ्ठ्याकडे गेली. मेघाने बोट फिरवले. ह. स. व.

“बघा,” मेघा डोळे पुसत म्हणाली. “बाबांना तेच हवंय.”

“त्याला हवंय म्हणून मी त्याला मारून टाकू का?”

मेघाने नळी धुवायला घेतली.

अंजिराच्या उताऱ्यानंतर जीवरामांचे वाचन हळू झाले. सुरुवातीला त्यांनी स्वतःला सांगितले, की प्रेमराज दमतात. मग सांगितले, की हे अध्याय दाट आहेत, घाईने जाण्यासारखे नाहीत. पूर्वी एका बैठकीत एक पूर्ण प्रसंग होत असे. आता प्रसंगाचे दोन भाग पडू लागले, मग तीन. विधवेने मंदिराच्या पेटीत दोन नाणी टाकली ते एका दिवशी, आणि त्यावर येशू काय म्हणाला ते दुसऱ्या. एकदा त्यांनी एकच वचन, म्हणजे जेमतेम एक वाक्य, वाचले आणि पुस्तक मिटले.

“आज इतलंच का, भाऊ?” सुंदरबाईंनी विचारले.

“इतकंच, वहिनी. विचार करण्यासारखं आहे.”

“कालदिन बी इतलंच व्हतं.”

घरी जाताना जीवरामांनी स्वतःला पकडले. उजव्या हाताखालची पाने पातळ होत चालली होती, आणि ती संपली की प्रेमराज संपतील, असे त्यांना वाटू लागले होते. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण होत नाही, हे वाक्य त्यांनी वर्गात फळ्यावर किती वेळा लिहिले असेल! बागेच्या बांधावर लिंबू-मिरची टांगणाऱ्या लोकांची त्यांनी त्यांच्या तोंडावर थट्टा केली होती. आता ते स्वतः सत्तरीत, एका ग्रंथाची पाने राखून ठेवत होते, जणू पाने आणि फुप्फुसे यांच्यात नळी जोडलेली आहे. जीवरामांना या प्रकाराचे अचूक निदान करता आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा दीडच वचन वाचले.

चैत्र लागला. पांझरा नदीच्या पात्रातून येणारी हवा भट्टीसारखी झाली आणि वीज जास्त वेळा जाऊ लागली. वाचन गेथशेमाने बागेपर्यंत आले होते. अटकेच्या रात्री येशू मित्रांना जागे राहायला सांगतो आणि ते झोपतात; पुन्हा सांगतो, पुन्हा झोपतात. जीवरामांनी त्याचेही तुकडे केले होते, त्यामुळे ते मित्र कित्येक सकाळी झोपूनच होते.

त्या दिवशी वाचन झाल्यावर मेघा त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत आली. तिने ते उघडले नाही. त्यावर हात ठेवून उभी राहिली.

“काका, तुम्ही मुद्दाम सावकाश वाचता ना?”

जीवरामांनी फाटकाची कडी चाचपली.

“आई म्हणते, नको विचारू. पण मला आता बघवत नाही. पाठीला जखम झालीय, ती भरत नाही. मास्कने नाकाची कातडी गेलीय. ते रोज सहन करतात. कशासाठी, ते तुम्हाला ठाऊक आहे?”

“माझ्या वाचनाने काही होत नाही, मेघा,” जीवराम म्हणाले, आणि हे वाक्य आपण तिला सांगतो आहोत की स्वतःला, ते त्यांना ठरवता येईना. “ती माझी एक... खोड समज. म्हातारपणाची. सावकाश वाचलं काय, भराभर वाचलं काय—”

“होतं, काका.” मेघाचा आवाज खाली आला. “बाबांना मशीन नको होतं. ठाम नको होतं. मग ते डॉक्टरांना म्हणाले, म्हणजे पुठ्ठ्यावर, की मार्क संपेपर्यंत लावतो. मार्क संपला की काढायचं. डॉक्टरांनी हो म्हटलं. सगळं रीतसर ठरलंय.”

“मला का नाही सांगितलं?”

“बाबांनीच नको म्हटलं. तुम्ही वाचणार नाही म्हणून.”

जीवराम घरी आले आणि व्हरांड्यात बसून राहिले. ज्याला त्यांनी स्वतःची अंधश्रद्धा समजून मनातल्या मनात लाज वाटून घेतली होती, ते साधे, सरळ, कोणीही तपासून पाहावे असे कारण निघाले होते. पानांचा आणि श्वासाचा खरोखरच संबंध होता. तो कोणा देवाने नव्हे, प्रेमराजांनी जोडला होता. म्हणजे गेले कित्येक दिवस आपण या माणसाला जगवत होतो. आणि त्याच हिशेबाने, छळतही होतो. यातले एक सोडून दुसरे करता येईल, अशी वाट त्यांना सापडेना. उद्यापासून भराभर वाचले तर आपल्या हाताने त्याला संपवायचे. सावकाश वाचले तर आपल्या हाताने त्याची पाठ सडवायची. आणि वाचणेच सोडून दिले, तर पुस्तक कधीच संपणार नाही, तो वाट बघत राहील.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक उघडलेच नाही. खुर्ची पलंगाजवळ ओढली.

“तू मला घड्याळ केलंस,” ते म्हणाले. “मला न विचारता. मी तुझ्याकरता वाचत होतो आणि तू माझ्या गळ्यात हे बांधलंस. हा कसला मित्रपणा, प्रेमराज? हे तुझ्या धर्मात बसतं?”

प्रेमराज त्यांच्याकडे बघत राहिले. मेघाने पुठ्ठा उचलला. बराच वेळ बोट फिरत राहिले. अक्षरे जुळत गेली, आणि मेघाने ती एकेक शब्द करून वाचली.

“तू... लांबवलंस. मला... चाललं.”

“मग आता?”

पुन्हा बोट फिरले. या वेळी शब्द एकच होता, पण तो पुरा होण्याआधीच मेघाला कळला आणि तिने पुठ्ठा खाली ठेवला. तोच शब्द स्वयंपाकघराच्या दारातून सुंदरबाई बोलल्या. “थकनात ते, भाऊ. बठ्ठं अंग थकनं.”

जीवरामांनी पुस्तक उघडले. गेथशेमानेत झोपलेल्या मित्रांना त्यांनी उठवले, अटक होऊ दिली, शिष्याने तीनदा ओळख नाकारली आणि कोंबडा आरवला तिथपर्यंत नेले आणि मगच थांबले. मनन म्हणून ते एवढेच म्हणाले, “मी जागा होतो. त्याचाही काही उपयोग झाला नाही.” डोळे मिटले.

मग वधस्तंभाचा अध्याय दोन सकाळींत झाला. देवाने आपल्याला सोडले, असा येशूचा आक्रोश येतो त्या जागी जीवरामांना थांबून पाणी प्यावे लागले. तीस वर्षे त्यांनी प्रेमराजांना याच ओळीवरून छेडले होते : तुमचा माणूस शेवटी माझ्या बाजूला आला की नाही? आता ती ओळ त्यांच्या तोंडून निघाली तेव्हा कोणत्याच बाजूला उभे राहायला जागा नव्हती. “यावर मी काही बोलणार नाही,” ते म्हणाले. “जे बोलत आलो ते उसनं होतं.” प्रेमराजांनी तेही मान्य केले.

शेवटचा अध्याय उरला. आणि इथे जीवरामांना एक जुनी गोष्ट आठवली.

खूप वर्षांपूर्वी त्यांनी स्टाफरूममध्ये प्रेमराजांपुढे एक विजयी शोध ठेवला होता. मार्काच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत शेवटचा अध्याय आठव्या वचनापाशीच थांबतो. पुढची बारा वचने मागाहून कोणीतरी जोडलेली असावीत, असे तळटीपच सांगते. “तुमच्या पुस्तकाला शेवटच नाही, गावित! बायका पळाल्या, आणि खेळ खलास. पुढचं सगळं चिकटवलेलं.” प्रेमराज तेव्हा डब्यातली भाकरी मोडत शांतपणे म्हणाले होते, “ठाऊक आहे मला. ज्याने चिकटवलं त्याला ते इतकं उघडं सोडवलं नसेल.” त्यानंतर दर ईस्टरला जीवराम फोन करून विचारत, “काय, आठपर्यंत की वीसपर्यंत?”

आता ते पलंगाशेजारी बसून तळटीप बोटाने झाकत होते.

“वीस वचनं आहेत,” त्यांनी सांगितले. “रोज दोन-तीन घेऊ. वीसपर्यंत सगळ्या मंडळ्यांत वाचतात. परंपरा आहे. शिवाय विद्वानांचं एकमत कुठे आहे? काही जुन्या लेखकांना ही वचनं माहीत होती, असं म्हणतात. तळटीप म्हणजे काही निकाल नव्हे.”

मेघाने बापाकडे पाहिले. प्रेमराजांचे डोळे हसत होते. गेल्या कित्येक आठवड्यांत ते तसे हसले नव्हते. सुंदरबाईंना यातले काही कळत नव्हते, पण नवऱ्याला हसताना पाहून त्यांनी लाळ ओढायची नळी हातात घेऊन ठेवली.

पुठ्ठा वर आला. स्वरांच्या ओळीवर, दुसऱ्याच अक्षरापाशी, डोळे वर गेले. मग खाली, ट-ठ-डच्या ओळीवर, आणखी एकदा.

“आठ,” मेघा म्हणाली.

“प्रेमराज, ऐक—”

प्रेमराजांनी डोळे मिटले आणि मिटलेलेच ठेवले.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी यायचे ठरले. ते आले, बाहेरच्या खोलीत बसले आणि सुंदरबाईंनी दिलेला चहा त्यांनी तसाच ठेवला. वाचन होईपर्यंत आत येणार नाही, असे ते स्वतःहून म्हणाले. पाळक आदल्या संध्याकाळी प्रार्थना करून गेले होते. सुंदरबाई इस्त्रीची साडी नेसून पलंगाच्या उशाशी बसल्या. मेघा दुसऱ्या बाजूला. वीज होती.

जीवरामांनी वाचायला सुरुवात केली. तीन बाया सुगंधी द्रव्ये घेऊन पहाटे कबरेकडे निघतात, आणि वाटेत त्यांना एकच काळजी असते : दारावरची धोंड कोण लोटणार? पोहोचतात तर धोंड आधीच लोटलेली. आत एक पांढऱ्या झग्यातला तरुण बसलेला असतो. तो सांगतो, की ज्याला शोधता तो इथे नाही, उठला आहे; जाऊन त्याच्या माणसांना सांगा. आणि त्या बाया थरथरत बाहेर पळतात, आणि कोणालाही काही सांगत नाहीत, कारण त्या भ्यालेल्या असतात.

आठवे वचन संपले. जीवरामांनी पुस्तक मिटले नाही. यंत्र आत हवा सोडत होते आणि बाहेर घेत होते.

आता त्यांचे काम उरले होते. बायकांच्या साक्षीला त्या काळी कोर्टात किंमत नव्हती, हे त्यांनी कुठेतरी वाचले होते. ते उसने होते. रिकामी कबर हा पुरावा नव्हे, पुराव्याचा अभाव आहे, हे त्यांचे लाडके वाक्य होते. पण तेही त्यांना आता आपले वाटेना. तू पुन्हा भेटशील, असे म्हणता आले असते. ते ऐकून सुंदरबाई रडल्या असत्या, मेघाला बरे वाटले असते. फक्त पलंगावरच्या माणसाने डोळे उघडे ठेवले असते, आणि ते उघडे डोळे घेऊन मग जीवरामांना उरलेली वर्षे काढावी लागली असती.

“मला भीती वाटते,” जीवराम म्हणाले.



“इतलंच का, भाऊ?” सुंदरबाईंनी विचारले. त्यात या वेळी तक्रार नव्हती.

“इतलंच, वहिनी.”

प्रेमराजांनी डोळे मिटले. सुंदरबाई या खेपेला घाबरल्या नाहीत. ते मिटलेलेच राहिले, पूर्वी कधीही राहिले नव्हते इतके, आणि मग उघडले आणि आधी सुंदरबाईंकडे, मग मेघाकडे, शेवटी जीवरामांकडे वळले.

डॉक्टर आत आले. घुसमट जाणवू नये म्हणून त्यांनी इंजेक्शन दिले, नाडीवर बोटे ठेवून बसले, आणि प्रेमराजांना गाढ गुंगी आल्यावर मास्कचे पट्टे सोडले. मास्कखालच्या चेहऱ्यावर त्याचा आकार लाल रेषेने उमटलेला होता. मेघाने यंत्र बंद केले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा खोलीत पंख्याचा आवाज ऐकू आला, आणि गल्लीतून जाणाऱ्या भाजीवाल्याचा. प्रेमराजांचा श्वास चालू होता. उथळ, अनियमित, मधे बराच वेळ थांबून पुन्हा येणारा. किती वेळ लागेल ते सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. सुंदरबाईंनी नवऱ्याचा हात हातात घेतला. मेघाने दुसरा. जीवरामांसाठी हात उरला नाही.

ते नेहमीची खुर्ची पायथ्याशी ओढून बसले. मांडीवर पुस्तक उघडेच होते. आठव्या वचनानंतर थोडी कोरी जागा, एक बारीक आडवी रेघ, आणि रेघेखाली ती बारा वचने. त्यांच्या मागच्या-पुढच्या भाषेतला सांधा त्यांनी एके काळी उत्साहाने दाखवून दिला होता. तो अजूनही तिथेच होता. ही वचने मार्काची नाहीत, याबद्दल त्यांच्या मनात आज काही शंका नव्हती. कालचे सगळे युक्तिवाद कालच विरले होते.

प्रेमराजांचा श्वास थांबला. सगळे थांबले. मग तो पुन्हा आला.

“हे नंतरचं आहे, प्रेमराज,” जीवराम खालच्या आवाजात म्हणाले. “मूळचं नाही.”

नको म्हणायला कोणी डोळे उघडले नाहीत. जीवरामांनी चष्मा पुसला, नवव्या वचनावर बोट ठेवले, आणि जमेल तितके सावकाश वाचायला लागले.